न मिळालेल्या प्रवेशाचा त्याग

आमच्या भाऊजींच्या हातून आयुष्यात एकच मोठा त्याग झाला, आणि तोही झालाच नव्हता. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गेल्या वर्षी त्यांनी आईच्या गुडघ्यांसाठी बिझनेस स्कूलचा प्रवेश सोडला, ही गोष्ट आमच्या इमारतीत, नात्यागोत्यात आणि त्यांच्या कंपनीत सगळ्यांना तोंडपाठ होती. खरी गोष्ट अशी की त्यांना प्रवेश मिळालाच नव्हता. स्कूलनं त्यांना सरळ नाकारलं होतं.

मी शाळेत भाषा शिकवते. मुलांच्या निबंधांतल्या थापा ओळखण्यात माझी हयात चालली आहे. ‘मी मोठेपणी गरिबांची सेवा करीन’ असं वाक्य आलं की माझं लाल पेन आपोआप थबकतं. असं असून भाऊजींनी माझ्या नाकावर टिच्चून घरातल्या घरात एवढी मोठी थाप वर्षभर चालवली. तो राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा सांगताना मधेच आवाज चढला तर समजून घ्या.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. सुरुवात मेकॅनिक म्हणून केली, हातावरचं ग्रीस धुऊन धुऊन वर आले. त्यांचं ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली खोली. भिंतीवर शहराचा नकाशा, टेबलावर फोन, कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी नेणार म्हणून उभे करून ठेवलेले जुन्या लिफ्टचे दरवाजे. कुठे लिफ्ट बंद पडली की तिथे फोन येतो. आत माणूस अडकला असेल तर त्याचा नंबर पहिला, हा तिथला कायदा. माणूस अडकला नसेल तर फोन करणारा कितीही मोठा असो, त्यानं जिना चढावा. बिघाड कुठलाही असला तरी भाऊजी मेकॅनिकला आधी खालच्या खड्ड्यात उतरायला लावतात आणि मग वर मशीनरूमकडे पाठवतात. म्हणून मेकॅनिक त्यांना पाठीमागे ‘तळमजला’ म्हणतात. आता पाठीमागेही राहिलेलं नाही, तोंडावरच म्हणतात.

माणूस कामाचा आहे, हे रागातसुद्धा मान्य करायला हवं. लिफ्टचा दरवाजा ज्या खोबणीतून सरकतो तिच्यात खडे, केस, टाचण्या, काय वाटेल ते साठतं. मग दरवाजा पुरता मिटत नाही आणि दरवाजा मिटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. भाऊजींनी नियम काढला, मेकॅनिक कुठल्याही कामाला गेला तरी निघण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावरची खोबण साफ करूनच निघेल. ‘आम्ही काय झाडूवाले आहोत का?’ म्हणून मेकॅनिक तडतडले. भाऊजी स्वतः ब्रश घेऊन त्यांच्याबरोबर हिंडले. पुढे बिघाडाचे फोन इतके कमी झाले की फोनवर बसणाऱ्या बाईंनी एक स्वेटर विणून पुरा केला.

पण सुपरवायझरच्या वर जायचं तर कंपनीला मोठी पदवी लागायची. आणि भाऊजींनाही नुसती खुर्ची नको होती. करार कसे करायचे, नवी शाखा उघडावी की नाही, पैसा कुठे अडतो, यातलं आपल्याला अर्धंच कळतं, असं ते म्हणायचे. ते खरंही होतं. म्हणून त्यांनी बिझनेस स्कूलला अर्ज केला, आणि आमच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे कुणालाही न विचारता केला. निबंधात खोबणीचा ख नव्हता. त्यात होतं ‘जागतिक नेतृत्व’ आणि ‘दूरदृष्टी’. शिफारसपत्र कुणाचं घेतलं? कंपनीच्या निवृत्त अध्यक्षांचं, ज्यांनी एका समारंभात भाऊजींशी हस्तांदोलन केलं होतं आणि जे त्यांना फोटोग्राफर समजले होते. गणिताच्या परीक्षेत तर दांडी गुलच होती.

निकाल आला त्याच दिवशी आम्ही सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं होतं. जन्मभर पायानं शिवणयंत्र चालवून त्यांचे गुडघे झिजले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, आणि लवकर करा. आम्ही एक्सरेचं पाकीट घेऊन घरी आलो तर भाऊजी खिडकीशी उभे. आमच्या ह्यांनी बूट काढता काढता विचारलं, “अरे, तुझ्या कॉलेजचं काय झालं?”

“झालं होतं,” भाऊजी म्हणाले, “पण मी नाही म्हणून कळवलं. आईचं हे सगळं असताना कुठं जाऊ?”

‘नाही झालं’ एवढंच सांगायचं होतं, असं ते मला पुढे म्हणाले. पण समोर एक्सरेचं पाकीट दिसलं आणि जिभेनं परस्पर वळण घेतलं. जिभेला हाड नसतं, हे ठीक. पण तिला एवढा कल्पकपणा असतो हे मला नवीन होतं.

सासूबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि पदरात तोंड लपवून रडल्या. आमचे हे, ज्यांना भावाचं कौतुक करताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, तेही उठून पाठ थोपटून आले. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन, मग शेजारच्या काकू. आठवड्याच्या आत ती गोष्ट तिखटमीठ लावून आमच्याकडेच परत आली, तोवर त्यात स्कूलच्या प्राचार्यांनी भाऊजींना ‘असा मुलगा पुन्हा होणे नाही’ असं म्हटलेलं होतं. कंपनीत साहेबांनी सगळ्या मेकॅनिकना उभं करून हे उदाहरण सांगितलं. हरभऱ्याच्या झाडावर लोकांनी चढवलं खरं, पण उतरायला शिडी कुणी ठेवली नव्हती आणि भाऊजींनीही मागितली नाही.

इथपर्यंत असतं तर मी हसून सोडलं असतं. नाकारलेला माणूस चारचौघांत ‘मीच नको म्हटलं’ असं म्हणतोच. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही काही नवी म्हण नाही. पण इथे त्या थापेचं ओझं भलत्याच माणसाच्या पायांवर पडलं. सासूबाईंनी ऑपरेशनला नकार दिला.

“पोरानं माझ्यापायी कॉलेज सोडलं,” त्या म्हणाल्या. “आता माझ्यासाठी आणखी कुणी काही करायचं नाही.”

आम्ही समजावून थकलो. ज्या ऑपरेशनसाठी एवढा त्याग झाला ते ऑपरेशनच होईना. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सासूबाई प्रत्येक वळणावर थांबायच्या, जिन्याच्या खिडकीतून काहीतरी बघण्यासारखं आहे असं दाखवायच्या. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. तेवढी एक टाकी त्यांनी वर्षभर इतकी निरखून पाहिली की कुणाला वाटावं, विकत घ्यायची आहे. भाऊजी भाजीची पिशवी घ्यायला धावले की त्या म्हणायच्या, “राहू दे रे. तू पुष्कळ केलंस.” आणि भाऊजी मूग गिळून मागून चालायचे.

दरम्यान या गृहस्थांनी काय करावं? पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. ते स्कूल नाकारलेल्या उमेदवारांना विचारलं तर कारण सांगतं. भाऊजींनी तो फोन कुठून करावा, तर एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममधून. कारण ऑफिसात भिंतींना कान आणि घरी आम्ही. पलीकडून एक बाई शांतपणे सांगत होत्या, “तुमच्या निबंधात तुम्ही दिसतच नाही.” तेवढ्यात कुणीतरी खाली बटण दाबलं आणि मोटर धडधडायला लागली. “काय म्हणालात?” “तुम्ही दिसतच नाही!” बाई ओरडल्या. असा तो अपमान भाऊजींना दोनदा ऐकावा लागला. पण बाई भल्या होत्या. गणित सुधारा म्हणाल्या. ज्याला तुम्ही ठाऊक आहात अशा माणसाचं पत्र आणा, भले त्याची खुर्ची लहान असेल. हातानं केलेलं एखादं काम नीट लिहा. आणि तोच अर्ज रंग देऊन पुन्हा पाठवू नका. मधल्या काळात तुमच्यात काय बदललं ते आम्हाला बघायचं असतं.

हे शेवटचं सोडून भाऊजींनी सगळं मनावर घेतलं. सकाळी कामाआधी गणिताच्या शिकवणीला जायला लागले, आजूबाजूला मिसरूड न फुटलेली मुलं आणि मधे हे. आम्ही विचारलं तर म्हणाले, “कॉलेजवाले पुन्हा ये म्हणतायत.” थाप क्रमांक दोन. पुन्हा दिलेल्या परीक्षेत गुण मात्र खरेच चांगले पडले. मग शिफारसपत्रासाठी ते आपल्या साहेबांकडे गेले. या साहेबांनी त्यांना मेकॅनिक होते तेव्हापासून पाहिलेलं. त्यांनी खुशीनं पत्र लिहिलं, भाऊजींना बोलावून खुर्चीवर बसवलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवलं. खोबणीचं होतं, ब्रशचं होतं, सगळं उत्तम होतं. आणि शेवटी होतं: ‘आपल्या संस्थेनं गेल्या वर्षी देऊ केलेला प्रवेश या तरुणानं आजारी आईसाठी नाकारला, यावरून त्याच्या चारित्र्याची कल्पना यावी.’

म्हणजे ज्यांनी याला नाकारलं त्यांनाच साहेब सही-शिक्क्यानिशी कळवणार होते की तुम्ही याला घेतलं होतं! खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे तो गोटा कंपनीच्या कागदावर छापून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भाऊजी माझ्या शाळेत हजर. शिक्षकांच्या खोलीत माझ्या समोर बसले, वह्यांच्या गठ्ठ्यावर बोटांनी ताल धरला, यंदा मुलं कशी आहेत विचारलं, पंख्याचा आवाज येतोय म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्याकडे त्यांचा हात कुणी धरणार नाही.

“भाऊजी, सुट्टी संपत आलीय. काय ते बोला.”

“वहिनी, साहेबांना असं कसं लिहायचं, की मला स्वतःची स्तुती आवडत नाही, तर शेवटचं वाक्य काढा?”

“स्तुती आवडत नाही? तुम्हाला? कुठलं वाक्य?”

त्यांनी वाक्य सांगितलं. मी म्हटलं, खरंच आहे की, राहू द्या. ते खाली बघत बसले, आणि मान वर केली तेव्हा मला कळलं. निबंध तपासताना कळतं तसंच कळलं.

“तुम्हाला घेतलंच नव्हतं,” मी म्हणाले.

“हळू बोला, वहिनी.”

मी हळू बोलले नाही. पलीकडच्या टेबलावरच्या चित्रकलेच्या बाई डबा उचलून बाहेर गेल्या.

“अहो, तिकडे आई एकेक पायरी मोजून चढतायत! तुम्ही त्यांचं ऑपरेशन अडवून ठेवलंय, कळतंय का तुम्हाला?”

“मी कुठं अडवलं? मी तर सारखा म्हणतो, करून घे.”

“तुम्ही म्हणता म्हणूनच त्या करत नाहीत! त्यांना वाटतं आधीच तुमचं आयुष्य खाऊन बसलोय.”

“यंदा प्रवेश मिळू दे. मग सगळं आपोआप मिटेल. मागचं कोण विचारतंय?”

“आणि नाही मिळाला तर? पुन्हा त्याग करणार? आता कुणाचे गुडघे शोधणार?”

त्यावर ते जे रडवेले झाले, ते बघून माझा राग थोडा खाली आला. ते म्हणाले, “मला लाज वाटली वहिनी. मेकॅनिकपासून वर आलो, सगळे म्हणायचे हा काहीतरी करणार. ‘नाही घेतलं’ हे दोन शब्द तोंडातून निघेनात.” मला वाईट वाटलं. पण मी म्हटलं, आधी साहेब, मग आई, आणि दोघांना सांगून झाल्याशिवाय तुमच्या निबंधाला मी हात लावणार नाही. घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. त्या तासाला मुलांना विनाकारण ओरडा बसला.

साहेबांकडे काय झालं ते भाऊजींनीच सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रागावले नाहीत, म्हणून भाऊजींना हायसं वाटायला लागलं. मग ते म्हणाले, “तुला आठवतं, मागे आपल्यातला एक मेकॅनिक बाहेरगावच्या ट्रेनिंगला जायचं म्हणत होता? नव्या मशिनांच्या? मी त्याला म्हटलं, म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून जातोस? त्या तळमजल्याकडे बघ, आईसाठी कॉलेज सोडलं त्यानं. तो गेला नाही रे. तुझं नाव घेऊन मी त्याला थांबवलं.”

भाऊजींना हे ठाऊकच नव्हतं. आपली थाप आपल्यापुरती आहे, फार तर घरापुरती, अशी त्यांची समजूत. ते तसेच त्या मेकॅनिकला शोधत गेले. तो एका दवाखान्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होता. भाऊजी वाकून वरूनच सगळं सांगत राहिले. त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाला, “साहेब, माझा बाप तर मला जा जा म्हणत होता.” भाऊजी सांगतात, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याचं नाव पुढच्या ट्रेनिंगसाठी घालायला त्यांनी साहेबांच्या खोलीत इतक्या खेपा घातल्या की साहेबांनी कंटाळून सही केली. तो गेला, आणि त्याच्या वाटच्या लिफ्ट बराच काळ भाऊजींनीच बघितल्या.

साहेबांनी पत्र फाडलं. नवीन लिहिलं, पण या वेळी वाचून दाखवलं नाही.

सासूबाईंना सांगायला भाऊजींनी सुट्टीचा दिवस निवडला. त्या दुपारी खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी झग्याची किनार दुमडत होत्या. यंत्र सुटलं तरी सुई सुटलेली नव्हती. मी दारात उभी राहिले. भाऊजी ऐन वेळी पंख्याच्या आवाजावर घसरतील याची मला खात्री होती. पण ते सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, “आई, मला गेल्या वर्षी कॉलेजनं घेतलं नव्हतं. मी खोटं सांगितलं.”

सुई थांबली.

“म्हणजे घेतलंच नव्हतं?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

“मग मी तुझ्या आडवी आले नाही?”

“नाही आई. तू कुठंच आडवी आली नाहीस.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा आधी जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या सुटल्या होत्या. खांदे खाली आले, एक मोठा श्वास बाहेर पडला, आणि क्षणभर त्या मला तरुण दिसल्या. राग त्यामागून आला, पण आला तो पुरता आला.

“मेल्या!” त्या म्हणाल्या. “वर्षभर मी पायरीपायरीला स्वतःला शिव्या दिल्या. वाटायचं, मी मेले असते तर हा पोरगा शिकला असता. हे वाटायचं मला! आणि तू मागून पिशवी घेऊन चालत होतास?”

सासूबाईंनी झगा बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, “सूनबाई, त्या डॉक्टरांना फोन लाव. आणि याला सांग, माझ्यासमोरून ऊठ.”

पुढे कितीतरी दिवस त्या भाऊजींशी बोलल्या नाहीत. भाऊजी समोर ताटावर बसलेले असायचे आणि त्या मला म्हणायच्या, “त्याला विचार, भात हवा का.” मी विचारायची. भाऊजी मला सांगायचे. मी पुढे कळवायची. टेलिफोन खात्यात लागले असते तर निदान पगार मिळाला असता.

ठरल्याप्रमाणे मी निबंध घेतला. तो भाऊजींनी स्वतः लिहिला होता. खोबण होती, मेकॅनिकची कुरकुर होती, आणि आधी नुसता कागदी हुकूम काढला तेव्हा कुणी ब्रश हातात धरला नव्हता, हेही होतं. मला शुद्धलेखनाखेरीज काही करावं लागलं नाही. शेवटी स्कूलचा प्रश्न होता: मागच्या अर्जानंतर काय बदललं? तिथे त्यांनी परीक्षेचे गुण लिहिले होते, आणि खाली लिहिलं होतं: ‘मागच्या वर्षीचा नकार मी सगळ्यांपासून लपवला. त्यामुळे माझ्या एका सहकाऱ्याची संधी गेली. ती त्याला परत मिळवून दिली आहे, पण त्याचं एक वर्ष परत देता आलं नाही.’

“हे काढा,” मी म्हटलं. “कशाला हात दाखवून अवलक्षण? गुण चांगले आहेत, पत्र चांगलं आहे. तुम्हाला कुणी विचारलंय?”

“त्यांनीच तर विचारलंय, वहिनी.”

मी दोनदा खोडलं, त्यांनी दोनदा परत लिहिलं. शेवटी मी नाद सोडला. खरं बोलल्यानं बिझनेस स्कूलचे दरवाजे उघडतात असा माझा मुळीच दावा नाही. माझ्या मते जे काही झालं ते गणितानं झालं. पण मुलाखतीला बोलावणं आलं, आणि तिथे एका बाईंनी बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवलं. एवढी गोष्ट तुम्ही वर्षभर लपवलीत, मग आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“मी म्हटलं, लगेच ठेवू नका.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

निकाल आला तेव्हा सासूबाई इस्पितळात होत्या. ऑपरेशन नीट झालं होतं आणि नर्सबाई त्यांना वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला शिकवत होत्या. माझ्या मते मायलेकांचं बोलणं तोवर सुरू झालं होतं, म्हणजे ‘पाणी दे’ आणि ‘उशी सरकव’ इतपत. भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, आणि पलंगाच्या कडेवर बसले.

“आई,” ते म्हणाले, “झालं. मला घेतलं.”

सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता रडतील, आता हसतील.

“खरंच?”

“खरंच, आई.”

“मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? ऑपरेशन झालंय म्हणून?”

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. “सूनबाई, तू वाच.”

मला भाऊजींकडे बघवेना. एवढा आनंदाचा क्षण, आणि तो त्यांच्या तोंडून चालेना. पण त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी वर्गात वाचते तशी ठणठणीत आवाजात वाचायला लागले. आपल्याला कळवण्यास आनंद होतो की, वगैरे. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पुन्हा.” मी पुन्हा वाचलं. त्यांनी थोडा विचार केला आणि नर्सबाईंना म्हणाल्या, “बाई, तुम्ही वाचा जरा. ही वहिनी आहे त्याची. सांभाळून घेत असेल दिराला.”

नर्सबाईंनी फोन घेतला, एकेका शब्दावर बोट फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाल्या, “आजी, तुमच्या मुलाला प्रवेश मिळालाय.”

तेव्हा कुठे सासूबाई रडल्या. एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं त्यांनी भाऊजींचं डोकं आपल्या पोटाशी ओढून घेतलं आणि त्याच्यावर गाल टेकला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. इतकं उभं राहायची परवानगी नव्हती, पण नर्सबाईंनी तेवढं चालवून घेतलं.

“तू आत्ता नुसतं ‘मला घेतलं’ म्हणालास ना,” त्या म्हणाल्या, “एरवी तेव्हाच मला हे रडू आलं असतं रे. तेव्हाच यायला हवं होतं.”

“माहितीय, आई,” भाऊजी म्हणाले. त्यांचं तोंड आईच्या कुशीत होतं, म्हणून आवाज नीट आला नाही.